बाळ हसलं तो शॉट

राष्ट्रपतींचा मेंदू साबुदाण्याचा होता. शिजवून, लाल रंगात कालवून प्लास्टिकच्या डब्यात भरलेला. डब्याला झाकण नव्हतं आणि वर माश्या घोंगावत होत्या. मी रेवाला छातीशी धरून चार हातांवर उभी होते. यातली एखादी माशी उडून तिच्या ओठांवर बसली तर काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

रेवा तेव्हा सात महिन्यांची होती. मी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलेलं, त्यामुळे तिचा चमचा दोनदा उकळायचा, पाणी वीस मिनिटं. रात्री तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायचा. उमेश, माझा नवरा, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की आमच्या घरात जंतूंना प्रवेशबंदी आहे. अशा बाईनं ते पोर घेऊन सिनेमाच्या सेटवर जावं, हे आज मलाही खरं वाटत नाही.

इचलकरंजीच्या बाहेर एक बंद पडलेली सूतगिरणी होती. तिच्या आवारात त्यांनी एक अख्खा रस्ता उभा केला होता. पुठ्ठ्याच्या इमारती, परदेशी वाटतील असे दिवे, कुठल्याच देशाचा नसलेला निळा-पांढरा झेंडा. सिनेमाचं नाव 'ताफा'. उघड्या गाडीतून जाणाऱ्या राष्ट्रपतींना गोळी घातली जाते, एक वेडसर माणूस पकडला जातो, आणि शेवटी कळतं की कट त्यांच्याच मंत्र्यांनी शिजवला होता. शूटिंग संपायच्या आधीच पेपरांत वाद सुरू झाला होता. देश काल्पनिक आहे असं ते म्हणत होते, पण लोकांना त्यात आपलीच माणसं दिसत होती. एका संघटनेनं सेट जाळायची धमकी दिली होती. म्हणून फाटकावर पोलिसांची गाडी होती आणि आत जाताना आमच्या पिशव्या तपासल्या गेल्या. माझ्या पिशवीत थर्मास, थर्मामीटर, सहा लंगोट आणि कापसाचं बंडल निघालं. हवालदार म्हणाला, "ताई, दवाखाना काढताय काय आत?"

तिथे मला नेलं ते कुमुदवन्संनी. उमेशची मोठी बहीण. गर्दीच्या दृश्यांसाठी गावातल्या बायका जमवून द्यायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. गोळी लागते त्या क्षणी कॅमेरा गाडीवरून गर्दीकडे वळतो आणि आईच्या कडेवरच्या रडणाऱ्या बाळावर थांबतो, असं ते दृश्य होतं. ठरवलेल्या बाळाला गोवर निघाला. सकाळी वन्सं आमच्या दारात. मी त्यांना शब्द दिलाय, आता तूच लाज राख, म्हणाल्या. उमेश कामावर गेला होता. मी विचारलं, बंदूक खरी असते का? तर म्हणाल्या, "दिवाळीत उडवतेत तसलं असतंय. नुसता आवाज."

खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. सात महिने मी त्या दोन खोल्यांबाहेर पडले नव्हते, आणि ज्याच्यावर अग्रलेख लिहिले जात होते असं काहीतरी माझ्यापासून चार किलोमीटरवर घडत होतं.

पहिल्या टेकच्या आधी मी रेवाच्या कानांत कापसाचे बोळे घातले, वर टोपडं बांधलं. गालावर तीट होती. मैथिली नावाची एक बाई फोटो काढत फिरत होती. आधीच्या आणि नंतरच्या शॉटमध्ये सगळं तसंच्या तसं दिसतंय ना, हे बघणं तिचं काम. तिनं तिटेचाही फोटो काढला.

निळे झेंडे हलले. गाडी आली. राष्ट्रपती हात हलवत होते. वरच्या खिडकीतून बार झाला, ते मागे कोसळले, गर्दी किंचाळली, कॅमेरा वळला, आणि माझ्या कडेवर रेवा खदखदून हसली.

सगळे थांबले. मग कुणीतरी हसलं. मलाही हसू आलं, कारण मला कारण माहीत होतं. उमेश रोज संध्याकाळी बेकरीतून खारी आणायचा. डब्यात खारी ओतून कागदी पिशवी फुगवायचा आणि रेवासमोर फाटकन फोडायचा. आम्ही दोघं मोठ्यानं हसायचो, म्हणून तीही हसायची. चौथ्या महिन्यापासूनचा हा खेळ. तिच्या लेखी फाट असा आवाज म्हणजे बाबा घरी आला.

हे मी कर्णिकांना सांगितलं. कर्णिक म्हणजे दिग्दर्शकाचे मुख्य सहायक, पन्नाशीचे, घशात कायम खवखव. त्यांनी ते कौतुकानं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ठीक आहे, मग आता दूध थांबवू या. भुकेलेलं बाळ लवकर रडतं. अर्धाच तास.

अर्ध्या तासाचे दोन तास झाले. दुसरा टेक, तिसरा टेक. रेवा कुरकुरायची, माझ्या मानेत तोंड घासायची, पण बार झाला की भूकबिक विसरून हसायची. मधल्या वेळात राष्ट्रपती खुर्चीत बसून वडा खात होते. डोकं फुटलेलं, कॉलरवर साखरेच्या पाकाचं रक्त, त्याला मुंग्या लागलेल्या. ते मला म्हणाले, "चाळीस वर्षं काम करतोय, पण माझ्या मरणाला इतकी मोकळी दाद कुणी दिली नव्हती." बोलताना त्यांच्या मिशीवरून साबुदाण्याचा एक दाणा वड्यावर पडला. त्यांनी तो दाणा बोटानं उडवला आणि खात राहिले.

तिसऱ्या टेकनंतर माझ्या ब्लाउजला ओल आली. पोर भुकेनं अंगाशी झोंबत असताना दुसरं काय होणार. मैथिली फोटो घेऊन आली आणि म्हणाली की पहिल्या टेकला हे डाग नव्हते. मग कर्णिक आले. कॅमेऱ्यावरचा माणूस आला. लाइटवाला आला. चौघंही माझ्या छातीकडे बघत उभे राहिले. वाईट नजरेनं बघत होते असं नाही. वाईट नजर मला ओळखता आली असती. भिंतीला ओल आली की गवंडी बघतात तसे ते बघत होते. एकानं सुचवलं, पावडर मारा. दुसरा म्हणाला, पदर पुढे घ्या. मैथिलीनं पफ आणून माझ्या अंगावर थापला आणि त्या पावडरीनं रेवाला दोन शिंका आल्या.

मी वन्संना हळूच म्हटलं, मी तिला पाजते आणि जाते घरी.

त्यांनी माझा दंड धरला. साठ बायका ताटकळल्यात शर्वरी, म्हणाल्या. तू गेलीस तर दृश्य बोंबललं, आणि उद्यापासून मला कोण विचारतंय.

एवढ्यात दिग्दर्शक स्वतः आले. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. त्यांनी रेवाच्या गालावरून बोट फिरवलं. त्या बोटांना सिगारेटचा वास होता. मी डोळ्यांनी त्या बोटाचा माग ठेवला, गाल, हनुवटी, ओठाची कड. ते फार सावकाश बोलायचे.

"ही मुलगी या देशाचा आत्मा आहे," ते म्हणाले. "राष्ट्र मरताना आत्मा हसत नाही."

आणि मी मान डोलावली. मला ते वाक्य खोल वाटलं. घरी गेल्यावर वहीत लिहून ठेवावं असं वाटलं.

चौथ्या टेकलाही ती हसली. तेव्हा सर लांबूनच काहीतरी बोलले आणि कर्णिक माझ्याकडे आले. त्यांच्यामागे बंदूक सांभाळणारा माणूस होता, दुसरी, आखूड बंदूक घेऊन. कर्णिकांनी घसा साफ केला आणि समजावलं की तिच्या कानातला कापूस काढायचा, आणि हा माणूस माझ्या मागे हातभर अंतरावर उभा राहून बार काढेल. गोळी नसते, नुसता आवाज. बाळ दचकेल, हमखास रडेल. एकदाच. धोका काही नाही.

मी काही बोलायच्या आत वन्सं म्हणाल्या, "काढा की. तिला काय होतंय?"

हातभर अंतरावर. मला कानाची आकृती दिसायला लागली, कॉलेजात वहीत काढलेली, पडदा, तीन हाडं, शंखासारखी गुंडाळी. मी त्या माणसाच्या हाताकडे बघितलं. तो नळीवरची धूळ रुमालानं पुसत होता.

"नको," मी म्हटलं. "तुम्ही लांबूनच काढा आवाज. मी रडवते तिला."

कर्णिकांनी लगेच हात जोडले. "वा. आईच ती. तिला बरोबर जमणार."

पाचवा टेक. माझा उजवा हात तिच्या पाठीवर होता आणि डावा झबल्याखाली. झेंडे हलले, गाडी आली, बार झाला, तिच्या तोंडावर हसू फुटायला लागलं, आणि मी तिच्या मांडीला चिमटा काढला.

ती लगेच रडली नाही. आधी तिनं माझ्याकडे बघितलं. अर्धं हसू अजून तोंडावर होतं. काहीतरी दुखलंय आणि आई इथेच आहे, म्हणजे ती बघेल आता, असं. मी कॅमेऱ्याकडे बघत होते, कारण तसं सांगितलं होतं. मग तिचं तोंड उघडं पडलं, श्वास अडकला, ओठ जांभळे झाले, आणि कितीतरी वेळानं आवाज फुटला.

"कट," सर म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. साठ बायकांनी, लाइटवाल्यानं, वडा खाऊन संपवलेल्या राष्ट्रपतींनी सुद्धा. कुमुदवन्संनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या माझ्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी झबल्याखालचा हात बघितला होता.

कर्णिक धावत आले. "अप्रतिम. आणखी एक घेऊन ठेवू, मॅडम. सुरक्षित असावं म्हणून."

घरी आल्यावर मी तिला गरम पाण्यानं न्हाऊ घातलं, पाजलं, पुन्हा पाजलं. ती माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपली. संध्याकाळी उमेश आला तेव्हा ती उठून खेळत होती. त्यानं डब्यात खारी ओतली, पिशवी फुगवली, रोजच्यासारखा वाकून तिच्यासमोर बसला.

फाट.

रेवानं पिशवीकडे बघितलं नाही. तिनं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे, आणि किंचाळून रडायला लागली.

उमेशला वाटलं, आज आवाज मोठा झाला. त्यानं तिला उचललं, लंगोट बदलायला घेतला आणि मांडीवरचे काळेनिळे डाग त्याला दिसले. हे काय, त्यानं विचारलं. मला तो दिवसभराचा प्रकार सांगावाच लागला. गिरणी, गर्दी, बंदूक, वन्सं. सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "मी पाणी प्यायला गेले तेव्हा तिला कुणाच्या तरी हातात दिलं होतं."

तो तसाच चप्पल घालून कुमुदवन्संकडे गेला. काय काय बोलला ते मला दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळलं. माझ्या पोरीला विकायला नेलीस, असं सुद्धा म्हणाला. आपल्या थोरल्या बहिणीला, सगळ्या गल्लीसमोर. मी घरात बसून वाट बघत होते. आता वन्सं सांगतील, तुझ्या बायकोनंच चिमटा काढला, मी डोळ्यांनी बघितलंय. तो परत आला, पाणी प्यायला, म्हणाला, एक शब्द बोलली नाही ती. तोंड आहे कुठे बोलायला.

त्यानंतरच्या तीन भाऊबिजा आमच्या घरी झाल्या नाहीत. चौथ्या वर्षी सासूबाई आजारी पडल्या म्हणून दोघं बोलायला लागले. मी एकदा स्वयंपाकघरात वन्संना गाठलं आणि विचारलं, तुम्ही का नाही सांगितलंत? त्या कोथिंबीर निवडत होत्या. निवडत राहिल्या.

"सांगून काय करायचं होतं?" म्हणाल्या. "मला माझं घर होतंच की. तुझं मोडलं असतं."

सिनेमा दोन वर्षांनी आला आणि व्हायचा तो गोंधळ झाला. कोर्टात अर्ज, मोर्चे, काही गावांत खेळ बंद. मी एकटीच दुपारच्या खेळाला गेले. थिएटरबाहेर पोलीस, आत जेमतेम वीस माणसं. राष्ट्रपती कोसळले, कॅमेरा वळला, मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

पडद्यावर रेवा हसत होती.

चौथा टेक असणार. तीट थोडी पसरलेली होती आणि माझा पदर पुढे घेतलेला. रडण्याचं कुठे नाव नाही. पुढे सगळा वाद त्या हसण्याभोवतीच फिरायला लागला. राष्ट्रपतिपदाचा अपमान, मृत्यूची विटंबना, तो शॉट कापा. सरांनी मुलाखत दिली की ते हसू म्हणजे इतिहासाची निर्विकारता आहे, आणि ते अगदी उत्स्फूर्तपणे मिळालं, कलाकृतीला अशी दैवी देणगी मिळावी लागते. पेपरात त्यांचा फोटो होता, हनुवटीखाली तेच बोट. मी तो पेपर दुधाच्या पातेल्याखाली घातला. मग उचलून बाहेर टाकला. पातेलं पुन्हा घासलं.

आत्मा हसत नाही म्हणाले होते. मग हसला तर देणगी झाली. माझ्या पोरीच्या रडण्याची रिळं त्यांनी कुठल्यातरी कपाटात टाकली असतील किंवा फेकून दिली असतील. इतकी किळस मला त्या साबुदाण्याचीही आली नव्हती. पण ही किळस मी त्यांच्यावर ढकलली की ती तिथे टिकत नाही. फिरून घरी येते.

रेवा आता चौदा वर्षांची आहे. दिवाळीत ती खिडक्या लावून घेते. मैत्रिणींच्या वाढदिवसाला फुगे असले तर भिंतीला पाठ लावून उभी राहते. उमेश सगळ्यांना एकच गोष्ट सांगतो, त्या सिनेमावाल्यांनी लहानपणी तिच्या कानाशी बंदूक उडवली. कितीतरी वर्षं सांगतोय. आता त्याला ते पाहिल्यासारखं वाटतं.

गेल्या महिन्यात तिला कुणीतरी तो तुकडा मोबाइलवर पाठवला. दुपारी ती माझ्याशेजारी कॉटवर बसून तो पुन्हा पुन्हा बघत होती.

"आई, मी किती हसतेय गं. बंदूक वाजल्यावर हसतेय."

"हो."

"म्हणजे मी घाबरत नव्हते." तिनं तुकडा थांबवला. "मग कधीपासून घाबरायला लागले?"

बाहेरच्या खोलीतून उमेशनं पेपरातून डोकं न काढता सांगितलं, "त्या लोकांनीच घाबरवलं तुला."

मी उठले आणि मधलं दार लोटलं. मग सांगितलं. दूध थांबवलं ते, आखूड बंदूक, झबल्याखालचा हात. वन्संना काय काय ऐकावं लागलं ते. ती मोबाइल मांडीवर ठेवून ऐकत होती. रडली नाही, रागावली नाही. मला वाटलं, ती आता उठून जाईल आणि बाबाला सांगेल, आणि तेच बरोबर होईल.

"तुला घरी येता आलं असतं ना?" तिनं विचारलं.

"हो."

"मग?"

माझ्याकडे उत्तर होतं. साठ बायका, वन्संचा शब्द, कानाचा पडदा. मी कॉटवरची चादर सरळ करत राहिले.

"एकदाच काढलास?"

"दोनदा. पहिला मनासारखा झाला होता. तरी त्यांनी आणखी एक मागितला. तेव्हा तो आखूड बंदुकीवाला निघूनसुद्धा गेला होता. तरी काढला."

मग तिनं फ्रॉकची बाही वर केली आणि दंड माझ्यापुढे धरला.

"किती जोरात?" म्हणाली. "दाखव."

मी नको म्हटलं. तिनं हात मागे घेतला नाही. मी दोन बोटं तिच्या दंडाला लावली. कातडी गार होती. रेवा माझ्या हाताकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.